मोजणीचा मंगळवार

४ जानेवारी

चि. रेघोट्यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्रास कारण की, आपलं स्टेशन उचलून मैलभर लांब, बंद पडलेल्या वीटभट्टीच्या माळावर नेणार आहेत. या जागी म्हणे दुकानं आणि चार मजली इमारती होणार. गावात उभे दोन तट पडलेत. शिंप्याचं आणि औषधवाल्याचं दुकान भिंतीला भिंत लागून, पण बोलणं बंद. शिंप्याला खोकला झाला तर तो औषध शेजारच्या गावाहून आणतो.

तुला म्हणून सांगते, मला भीती आहे ती माझ्या पोटापाण्याची. स्टेशनसमोर सायकल स्टँड चालवतेय त्याला बावीस वर्षं झाली. कोणाची चेन पडते, कोण बिल्ला हरवतो, सगळं तोंडपाठ. त्या माळावर मला कोण विचारणार? बाहेर मात्र मी गावाची गैरसोय होईल एवढंच म्हणते.

त्यात घरातच फितुरी. तुझे भावोजी ‘स्टेशन हलवा’ समितीचे अध्यक्ष झालेत. आपलं घर स्टँडच्या मागे, पहाटेची पहिली गाडी भांडी वाजवत जाते, म्हणून बावीस वर्षांत झोप पुरी झाली नाही, असं भर सभेत माझ्यासमोर सांगतात. मग घोरतं कोण?

तू रेल्वेच्या कचेरीत नकाशे काढतोस. एक रेघ इकडची तिकडे करायला तुझं काय जातं?

तुझी काळजीने अर्धी झालेली (वजनाने नव्हे),
ताई

११ जानेवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

रेघा मी मारतो, पण कुठे मारायच्या ते वरचे सांगतात. लहानपणी तुझ्या वहीत रेघोट्या ओढल्या त्याचा मार अजून आठवतो, त्यामुळे इथे मी जपूनच असतो.

एक गोष्ट मात्र गुपित नाही, नोटीस तुमच्या फलाटावर लागेलच. येत्या मंगळवारी दोघे जण दिवसभर प्रवासी मोजायला येतील. चारशेच्या आत भरले तर स्टेशन हलणार. नोटीस वाच आणि कृपा करून स्वस्थ बस.

भावोजींना नमस्कार. कानात घालायला कापूस हवा असल्यास कळवावे, ही विनंती.

तुझा,
रेघोट्या

२० जानेवारी

चि. रेघोट्यास,
अ. उ. आ.

स्वस्थ बसणं आपल्या घराण्यात कुणाला जमलंय? नऊशे बारा! निवृत्त हेडमास्तरांनी जुने विद्यार्थी गोळा केले. शिंपी फाटकातून आत जायचा, मालाच्या दाराने बाहेर पडायचा, टोपी बदलून पुन्हा आत. सात वेळा. मी अकरा वेळा. दहाव्या खेपेला मोजणाऱ्याने मला पाणी हवं का विचारलं.

खरी गंमत पुढेच. तुझे भावोजी निषेधाचा मोर्चा घेऊन फलाटावर आले. छत्तीस माणसं, सगळीच्या सगळी मोजली गेली. घरी आल्यावर मी त्यांना हे समजावून सांगितलं, तेव्हा ते बोटांवर पुन्हा छत्तीस मोजत बसले.

विजयी,
ताई

१५ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

हे पत्र बसून वाच. स्टेशन जागेवरच राहणार. पण एवढ्या माणसांना फलाट अरुंद पडतो, अपघात होईल, असं साहेबांचं मत पडलं. तो रुंद करायचा, तर एका बाजूला तळं आणि दुसऱ्या बाजूला तुझा स्टँड. घर वाचतं, स्टँड जातो. नकाशा माझ्याच टेबलावर आलाय. दोन दिवस झाले, तो तसाच पडून आहे.

मोजणीच्या कागदावर एक शेरा आहे, की एक बाई वारंवार दिसली. त्या शेऱ्यावर बोट ठेवलं तर फेरमोजणी होईल. खरा आकडा साडेतीनशेच्या वर जाणार नाही, म्हणजे स्टेशन माळावर जाईल. तिथे सायकलींसाठी जागा राखली आहे आणि ती जुन्या स्टँडवाल्यांना आधी मिळते. तू म्हणशील तसं करीन. उलट टपाली कळव.

तुझाच,
रेघोट्या

१९ फेब्रुवारी

चि. रेघोट्यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. पहिल्या वेळी काय वाटलं ते लपवत नाही. वाटलं, कळवून टाकावं, फेरमोजणी माग म्हणून.

मग सकाळी स्टँडवर बसले. इस्पितळातल्या आया आणि नर्सबाई पहिल्या गाडीला आल्या, पायी, धापा टाकत. माझ्याकडे सायकली एकशे चाळीस, पण निम्म्याहून जास्त गाव चालतच येतं. गावाची गैरसोय असं मी इतके दिवस नुसतं तोंडाने म्हणत होते. माझ्या स्टँडपायी त्यांनी रोज मैलभर माळ तुडवायचा, हे मला सहन व्हायचं नाही. तेव्हा रेघ मार. सरळ मार, माझ्या वहीत मारायचास तशी नको.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. वाटलं, आता टोमणा ऐकावा लागणार. ते उठले, अंगणातली आरामखुर्ची आत नेऊन ठेवली आणि कुंपणाच्या भिंतीवर खडूने आकडे लिहायला लागले. इथे अंगणात चाळीस सायकली मावतील म्हणाले, दाटीवाटीने पन्नास. पहाटेपासून दारात घंट्या वाजतील, झोपेचं काय, असं मी विचारलं. त्यावर खाली मान घालून म्हणाले, की गाडीने त्यांना कधीच जाग आली नव्हती. पहाटे मी उठून स्टँडवर गेले की त्यांना जाग येते. आता मी अंगणातच असेन, तर त्यांना झोप लागेल.

मला रडूच आलं रे. मग त्यांच्या हातातला खडू घेतला, कारण त्यांनी सतरा दोनदा लिहिला होता.

लोभ आहे तो वाढू दे, आणि रेघ मारून झाली की दोन दिवस रजा काढून ये.

तुझी,
ताई