पॉलिशचा वास

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सोमवारपासून पुन्हा फर्निचरच्या कारखान्यात जायला लागलो. पहिलंच काम जेवणाच्या मोठ्या टेबलाचं. लाख स्पिरिटात विरघळवली, बोळा फिरवला आणि हात विसरलेला नाही हे बघून बरं वाटलं. तू ओरडायच्या आधीच सांगतो, डॉक्टरांना विचारलंय. उघड्या शेडमध्ये बसतो, गळ्यावर जाळी बांधतो. स्वरयंत्र काढल्यापासून श्वास गळ्याच्या भोकातूनच चालतो, त्यामुळे नाकाला वास म्हणून कळत नाही. पूर्वी स्पिरिटची बाटली उघडली की जीव कासावीस व्हायचा. आता बाटली उघडली काय नि नळ सोडला काय, मला सारखंच. पाच महिने झाले, दारूचा थेंब नाही.

पण पहिल्याच संध्याकाळी घोटाळा! मला माझाच वास येत नव्हता. घरात पाऊल टाकलं आणि हिचा चेहरा खर्रकन उतरला. पाटीवर लिहून दाखवलं, तर पाटीकडे बघेना. म्हटलं तोंडाचा वास घे, आणि मोठ्या ऐटीत फुंकर मारायला गेलो, तर फुंकर गळ्यातून बाहेर! तेव्हा हसली एकदाची.

बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणतात, हवा गिळायची आणि ढेकर देत शब्द काढायचा. लहानपणी पाहुण्यांसमोर ढेकर दिला म्हणून तू माझा कान पिळला होतास. आता त्याचीच शिकवणी लावली आहे. अजून एक शब्द निघालेला नाही. राग आला तर येऊ दे, लोभ तेवढा आटू देऊ नकोस.

तुझा,
बडबड्या

१५ मार्च

चि. बडबड्यास,
अ. उ. आ.

शिवायला आलेल्या गणवेशांचा ढीग मशीनवर तसाच टाकून तुझं पत्र वाचलं. हसले, मग चिडले, मग परत वाचलं. कान पिळला होता तो योग्यच होता, त्याबद्दल मी काही माफी मागणार नाही.

अरे, पण स्वतःच्या नाकाचं कौतुक पुरे, तिच्या नाकाचा विचार कर. वीस वर्षं ती दारात उभी राहून तुझा वास घेत आली. तू नाही म्हणायचास आणि तिचं नाक खरं ठरायचं. आता तुझ्या कपड्यांना रोजच स्पिरिटचा वास, आणि तोंडातून श्वासच नाही. उद्या खरंच घोट घेतलास तर तिला कळणार कसं? मागे माझ्याकडे आली होती तेव्हा म्हणाली, आजारपणात सगळं करेन, पण पुन्हा एकदा फसवलं तर कायमची निघून येईन. ती बोलल्याप्रमाणे करणारी आहे. तशी वेळ आलीच, तर मी तुझी बहीण असले तरी दार तिच्यासाठी उघडेन. हे वाचून तुला वाईट वाटावं म्हणूनच लिहिलंय.

जेवण नीट चावून खात जा. माया आहे म्हणूनच बोलते, एवढं समजून घे.

तुझी,
ताई

२ एप्रिल

ती. ताईंना,
सा. न. वि. वि.

आज पत्र मी लिहितेय म्हणून घाबरू नका.

गुरुवारी हे कामावरून आले. तोच शर्ट, तोच वास. खरं सांगते, माझ्या मनात शंकाही आली नाही. मी आपली चहा गाळत होते. ह्यांनी पाटी पुढे ओढली आणि परत बाजूला सारली. मग हवा गिळायला लागले. एकदा, दोनदा, तोंड लालबुंद. मला वाटलं ठसका लागला, पाणी घेऊन धावले. तर हात धरून मला खाली बसवलं आणि आतून घोगरा, फाटका आवाज आला. प्यालो म्हणाले. इतक्या महिन्यांनी ऐकलेला पहिला शब्द, ताई, आणि तो हा!

बाकीचं पाटीवर लिहिलं. सकाळी गळ्याची तपासणी चांगली निघाली, त्या आनंदात कारखान्यातल्या एका सोबत्याबरोबर अर्धा ग्लास घेतला. घशाखाली गेल्यावर रडू आलं. बॅग भरायची असेल तर माळ्यावरून काढून देतो, असंही लिहिलं.

मी भांडले. भांडी आदळली, रडले, त्यांचा चहा मोरीत ओतला. पण बॅग काढू दिली नाही. फसवलं तर जाईन म्हणाले होते ना? ह्यांनी फसवलं कुठे? गप्प बसले असते तर मला जन्मात कळलं नसतं. शुक्रवारी दोघं मिळून व्यसन सोडवणाऱ्या डॉक्टरांकडे गेलो. आता दर आठवड्याला जायचं आहे, मीसुद्धा. सध्या काम फक्त सुतारकीच्या बाजूला.

तुम्ही रविवारी याच. तो खणखणीत आवाज गेला म्हणून तुम्ही किती हळहळला होतात. त्या आवाजात वीस वर्षांत ह्यांनी मला एकदाही खरं सांगितलं नव्हतं. हा नवा आवाज ऐकायला भयंकर आहे, ताई. मला फार आवडतो.

आम्हा दोघांवर माया असू द्या.

तुमची,
भावजय