बाबांचं कराचीचं विमान

शुक्रवार, १६ ऑक्टोबर १९९८

आज पुन्हा! करंज्यांचं सारण भाजत होते तर बाबा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे. मला कळलंच, आता कराची येणार. आलीच!

सासूबाई गेल्यावर सतीशने त्यांना हट्टाने नाशिकहून इथे दुबईला आणलं, त्याला आता पाच-सहा महिने झाले. तेव्हापासून हे विमान किती वेळा ऐकलं असेल, देव जाणे. साल १९३०. बाबा आठ वर्षांचे, त्यांचे वडील कराचीत शाळामास्तर. इंग्रजांनी एक अवाढव्य विमान बांधलेलं – विमान म्हणजे काय, गॅस भरलेला फुगाच, पण आगबोटीएवढा! ते इंग्लंडहून कराचीला येणार होतं. त्याला ठेवायला गावाबाहेर एक मोठ्ठं काळं छप्पर उभं केलं होतं. अख्खं गाव वाट बघतंय. बाबांच्या थोरल्या भावाने, भिकाजीने, 'वेलकम टू कराची, सर' पाठ केलेलं. आणि आईने काय करावं? साहेब लोकांसाठी करंज्या! इकडे करंज्या तयार आणि तिकडे निघाल्या रात्रीच विमान फ्रान्समध्ये आपटून जळालं. अठ्ठेचाळीस माणसं गेली. वडिलांनी पेपर वाचून दाखवला, तर आई विचारते, "म्हणजे इथे उतरायचं नाही का ते?"

इथे बाबा थांबतात आणि आपण हसायचं असतं. मी आज हसले नाही. तेल तापलं होतं.

रविवार, १८ ऑक्टोबर

अस्मीला शाळेत प्रोजेक्ट आहे – इंग्रजांची सुरुवातीची विमानं आणि त्यांचे अपघात. बाईसाहेबांनी वर्गात सांगून टाकलं, माझे आजोबा त्या विमानाची वाट बघत होते म्हणून. टीचर खूश! चार तारखेला आजोबांना घेऊन ये म्हणाल्या. "आई, नोबडी एल्स हॅज अ ग्रँडफादर लाइक दॅट!"

बाबांनी लगेच आपला पांढरा बुशशर्ट स्वतः इस्त्री केला. म्हटलं, बाबा, अजून पंधरवडा आहे! तर म्हणाले, असू दे, तयार असलेलं बरं.

चला, निदान त्या दिवशी विमान वर्गात उतरेल, माझ्या स्वयंपाकघरात नाही.

शनिवार, २४ ऑक्टोबर

काल दिवाळीच्या फराळाला चंद्रहास आणि प्रमिला आले होते. सतीशला त्यांच्याकडचं नवीन बिल्डिंगचं काम मिळायचं आहे, म्हणून मी काचेची भांडी काढली, सोफ्याची कव्हरं बदलली. आणि सारखं वाटत होतं, बाबांनी धोतर नेसलं नसतं तर बरं. हो, वाटलं! इथे तरी खरं लिहू दे.

ताटात करंजी आली आणि बाबा सुरू. प्रमिला हसून म्हणाली, "हो काका, गणपतीत सांगितलंत की, आरती झाल्यावर." बाबा जरा थांबले. तिच्याकडे बघत राहिले. मग जसं काही ऐकलंच नाही तसं पुन्हा – कराची, काळं छप्पर, वेलकम टू कराची. चंद्रहास घड्याळ बघायला लागले. सतीश मला डोळ्यांनी खुणावतोय, काहीतरी कर.

मी चहाचा ट्रे ठेवला आणि दोन्ही हात झटकून म्हटलं, "खलास, बाबा! विमान पडलं, साहेब मेले, करंज्या संपल्या. खलास!"

सगळे हसले. प्रमिला तर डोळे पुसेपर्यंत हसली. मला क्षणभर, अगदी क्षणभर, छान वाटलं – काय टायमिंग साधलं!

बाबा हसले नाहीत. हातातली करंजी ताटात ठेवली आणि आत गेले.

रविवार, २५ ऑक्टोबर

बाबा बोलत नाहीत. 'हं' आणि 'बरं', बस्स.

बुधवार, २८ ऑक्टोबर

अस्मीचे डोळे रडून लाल. आजोबांनी शाळेत यायला नाही म्हटलं. "मला जमणार नाही गं बाळा," एवढंच. तिने दार आपटलं आणि माझ्यावर ओरडली, "यू सेड खलास टू हिम! इन फ्रंट ऑफ एव्हरीबडी!"

मी म्हटलं, अगं खलास म्हणजे झालं, पुरे! आपण दिवसभर म्हणतो की. गॅसवाल्याला म्हणतो, किराणावाल्याला म्हणतो, तुझा होमवर्क झाला का विचारतानाही म्हणतो.

सतीश पेपरातून मान वर न काढता म्हणाला, "इथल्या अरबांचं खलास वेगळं. आमच्या नाशिकला खलास म्हणजे माणूस मेला."

अरे, मग त्याच दिवशी का नाही बोललास? मला डोळ्यांनी खुणावणारा तूच ना! पण खुणावलं त्याने, जीभ माझीच होती. शहात्तर वर्षांच्या माणसाला भरल्या घरात, सणाच्या दिवशी खलास म्हणाले मी. आणि ती जळालेली अठ्ठेचाळीस माणसं? त्यांनाही करंज्यांच्या हिशेबात घातलं. कुणाकुणाची मुलं असतील ती. बाबा गोष्ट सांगताना तो आकडा नेहमी हळू आवाजात सांगतात, हे मला आज आठवतंय. लाज वाटली पाहिजे. वाटतेय. इतकी वाटतेय की त्यांच्या खोलीत चहा मी अस्मीच्या हाती पाठवते.

शनिवार, ३१ ऑक्टोबर

एक युक्ती केली. समोरच्या फ्लॅटमधली साजिदा मूळची कराचीची. तिला म्हटलं, ये आणि बाबांना जरा बोलतं कर. ती बिचारी फिरनी घेऊन आली. "चचा, आप भी कराची के? वो काला छपरा! हमारे अब्बा बहुत बताते थे, फिर तुड़वा दिया उसको." मला वाटलं, आता बाबांची कळी खुलणार! इतक्या दिवसांत ते छप्पर माहीत असलेलं माणूस समोर बसलंय!

बाबा तिच्याकडे बघून नुसते हसले. "बेटी, अब कुछ याद नहीं."

याद नहीं! रोज ज्याचं पारायण चालायचं, ते याद नहीं? साजिदा गेल्यावर मी मोरीत जाऊन रडले. इतका राग धरलाय की कराचीच पुसून टाकली.

सोमवार, २ नोव्हेंबर

माफी मागायचीच. उद्या नक्की.

मंगळवार, ३ नोव्हेंबर

नाही मागितली. दारापर्यंत गेले. बाबा खिडकीशी बसले होते. तोंडाशी आलं होतं, आणि बाहेर काय पडलं? "चहा ठेवू?" म्हणाले, ठेव.

संध्याकाळी सतीश सांगत आला – बाबांना नाशिकला परत जायचंय. तिकीट काढ म्हणाले. रिकामा फ्लॅट, तिसरा मजला, लिफ्ट नाही. कोण बघणार त्यांच्याकडे? मी विचारलं, कारण काय सांगितलं? "कारण काय सांगणार, सुरुची," एवढंच म्हणाला. ठपका ठेवला नाही माझ्यावर, पण ठेवल्यासारखाच.

मला सांगून तरी टाका बाबा, चार शब्द सुनवा! हे गप्प बसणं सहन होत नाही.

बुधवार, ४ नोव्हेंबर

अस्मीने एकटीनेच प्रोजेक्ट सांगितला. काळ्या छपराचं चित्र काढलं होतं. टीचरनी विचारलं, व्हेअर इज युअर ग्रँडफादर? ती म्हणाली, ही इज नॉट वेल. माझ्यासाठी खोटं बोलली पोर. मी आई!

इस्त्री केलेला बुशशर्ट बाबांच्या दाराला हँगरवर तसाच आहे.

शुक्रवार, ६ नोव्हेंबर

सतीश अस्मीला घेऊन बाजारात गेला. मी बाबांच्या पाया पडले आणि एका दमात बोलून टाकलं – त्या दिवशी तुम्हाला खलास म्हणाले, चुकलं माझं, जाऊ नका.

बाबांनी मला उठवलं. म्हणाले, "अगं, त्याचं काय मनावर घ्यायचं! इथे सगळेच म्हणतात." मग हळूच, "सुरुची, प्रमिला म्हणाली, मी गणपतीत सांगितलं. या वर्षी आपल्याकडे गणपती बसले होते का गं?"

प्रतिष्ठापना बाबांनीच केली होती. आरती त्यांनीच सांगितली होती.

"शाळेत मुलांसमोर अडलो असतो तर? पोरीची शोभा झाली असती. म्हणून म्हटलं, नाशिकला जावं. सतीशला बोलू नकोस हं."

आणि मी दोन आठवडे माझीच लाज कुरवाळत बसले होते! ते घाबरले होते, आणि मला वाटत होतं ते रागावलेत.

म्हटलं, कुठेही जायचं नाही. बसा. कराचीचं सांगा मला, पहिल्यापासून. सांगितलं. वडिलांची शाळा, काळं छप्पर, करंज्या, सगळं बरोबर. थोरल्या भावाचं नाव घ्यायला गेले आणि अडले. माझ्याकडे बघत राहिले.

"भिकाजी," मी म्हटलं.

"हां, भिकाजी," म्हणाले, आणि पुढे सांगू लागले.