ओट्यावर राहिलेला जोडा

ता. १२ ऑगस्ट १९६०, शुक्रवार

चि. रतिलालभाऊ यास,

मीनावहिनीचे आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. बाबांचा खोकला आहे तसाच आहे. भुरी म्हैस व्यायली, पारडी झाली. केळी बरी, कापसाला मात्र अळी लागली. सुरतेला गेल्यापासून तुझं एक कार्ड नाही. तिकडे टपालपेट्या नसतात वाटतं. काढता पाय घेतलास तो घेतलासच. असो, भांडायला लिहीत नाही. अर्थात लिहिता लिहिता भांडण होईलच, वहिनी कशी आहे ते तुला ठाऊक आहे.

पत्र टपालाने न टाकता तुझ्या खोलीतल्या जामसिंगच्या हाती देते आहे, कारण तापी चढते आहे. पाणी घाटाच्या खालच्या पायरीवर आलं. काल त्याचा भाऊ गोवाल, आपला नाववाला, काठावरच्या भिल्लवस्तीतून बाबांकडे आला होता. म्हणाला, "बाप्पा, पाणी चढी ऱ्हायनं. भिलाटी खाली शे. नाव काढू का?"

बाबा म्हणाले, "पहिले रतिलाल येऊ दे. मंग नाव सोड."

गोवाल माझ्याकडे बघत राहिला. मी पदर सारखा केला आणि आत गेले.

गिरणीच्या धुरात गावची रीत विसरला असशील, म्हणून लिहिते. पुरात गावाचा धनी एकच, थाळीवाला, म्हणजे आपले बाबा. महादेवाच्या ओट्यावर उभा राहतो तो. कोण नावेत, कोण दोरावर, म्हाताऱ्यांना शाळेत कोण नेणार, धान्याला कुणाची गाडी, सगळं त्यानेच सांगायचं. थाळी वाजल्याशिवाय कुणी हलायचं नाही. आणि त्याने स्वतः ओटा सोडायचा नाही, पोटचं पोर वाहून जात असलं तरी. पाण्यात जाणाऱ्याने जोडा ओट्यावर काढायचा. परत आला की थाळीवाल्यासमोर उभं राहून नाव सांगायचं, मगच जोडा उचलायचा. दुसऱ्याच्या जोड्याला हात लावायचा नाही. ओट्यावर जोडा आहे तोवर तो माणूस पाण्यात आहे, आणि तोवर थाळी खाली ठेवता येत नाही, नव्या पुराची नाव सोडता येत नाही.

तुझा जोडा अजून ओट्यावर आहे, भाऊ.

गेल्या भादव्यापासून बाबा रोज दिवे लागायच्या वेळी तिथे जाऊन तुझ्यासाठी थाळी वाजवतात. रतिलाल सुरतेला आहे, पगार घेतो, भजी खातो, हे मी शंभरदा सांगून पाहिलं. ते म्हणतात, "रूपचंद घर येल शे. रतिलाल आजून पाणीम्हा शे." दुसऱ्या कुणी थाळी धरावी म्हटलं, तर गावात कुणी पुढे होत नाही. दोन थाळ्या वाजल्या तर दोरावरची माणसं कुणाचं ऐकणार? तेही खरंच आहे.

तुझे दादा घरी आलेत, असं बाबा मानतात म्हणून मी अजून कुंकू लावते. त्यांचं ताट वाढते. पाणवठ्यावर बायका माझ्या कपाळाकडे बघतात आणि घागर उचलून चालू लागतात. लागू देत. बायकांच्या तोंडात तीळ भिजत नाही, पण या गोष्टीवर त्याही गप्प आहेत.

आता जे लिहायचं नव्हतं ते लिहिते. त्या दिवशी तू केळीच्या मळ्यातल्या राखणदारांना आणायला गेलास, दादा भिलाटीत गेले. नाव भरली, जागा उरली नाही, तेव्हा ते मागे बाभळीवर चढून बसले, पुढच्या फेरीला येतो म्हणाले. तू आधी परतलास. थंडीने दात वाजत होते तुझे. तू नाव न सांगता समोरच्या जोड्यात पाय घातलेस आणि घराकडे पळालास. बाबांची पाठ तुझ्याकडे होती. दोघांचे जोडे एकाच मोच्याने शिवलेले, एकाच कातड्याचे. फरक इतकाच, की दादांच्या टाचेला लोखंडी नाल होती. बाबा वळले तेव्हा नालेचा जोडा नव्हता आणि तुझा होता. ते म्हणाले, रूपचंद आला, रतिलाल राहिला. रिकामी नाव त्यांनी केळीकडे पाठवली. तू परत ओट्यावर आलास तोवर नाव वळणापलीकडे गेली होती. ती माघारी आली तेव्हा तिथे बाभूळ नव्हती.

बाबांनी तुला समोर उभं केलं होतं. म्हणाले, "तू रतिलाल आशी ते तुन्हा जोडा उचल." तू खाली पायाकडे पाहिलंस आणि उचलला नाहीस. उचलायचा तर आधी पायातला काढावा लागला असता. दुसऱ्या दिवशी तू दारावरून गेलास तेव्हा फरशीवर नाल वाजली. मी चुलीपाशी होते. मी ओळखली.

जामसिंग म्हणतो, रतिलालचा जोडा वैशाखातसुद्धा ओला असतो, खिडकीत वाळत ठेवतो तरी वाळत नाही. मी त्याला म्हटलं, सुरतेची हवाच दमट. मला काय कळायचं ते कळलं.

कारण तुझे दादा इथे येतात, भाऊ. दुपारी, सगळे मळ्यात गेले की. आधी अंगणातली कोंबडी गप्प होतात. मग ओटीवर ओली पावलं उमटतात, अनवाणी, एकेक करून, माझ्या डोळ्यांदेखत. उन्हाळ्यातही गाळाचा वास येतो. मला भीती वाटली नाही. खोटं कशाला बोलू, मी वाट बघायचे. केस विंचरून, मोगरा माळून बसायचे.

आणि खरं तेही सांगते, तू येऊ नयेस असंच मला वाटत होतं. ओट्यावर त्यांचा जोडा नाही तोवर ते घरी आहेत. तू तो आणून ठेवलास की ते पाण्यात. मग माझ्याकडे काय उरलं?

परवा मी दाराशी बसले आणि म्हटलं, "अहो, बसा ना थोडं." पावलं माझ्या अगदी जवळून गेली. साडीचा काठ भिजला. ती थांबली नाहीत. खाटेखाली गेली, कणगीमागे गेली, कोपऱ्यात जिथे आपण जोडे ठेवतो तिथे जाऊन उभी राहिली. बराच वेळ. मग परत खाटेखाली. ते मला भेटायला येत नव्हते रे. वर्षभर ते जोडा शोधत होते. मला फार लागलं. मी कणगीला टेकून पोटभर रडले, आणि पावलं आपली शोधतच राहिली.

म्हणून ये. जामसिंग उलट्या गाडीने परत येईल, त्याच्याबरोबर ये. नंदुरबारला गोवाल गाडी जुंपून उभा असेल. घरी येऊ नकोस, सरळ ओट्यावर जा. पायातला काढून ठेव, तुझा उचल आणि बाबांना मोठ्याने नाव सांग. ते विचारतील, मग रूपचंद कुठे? त्याचं उत्तर तू द्यायचं नाहीस. मी तिथे उभी असेन, मी देईन. मग बाबा थाळी खाली ठेवतील, आणि पुन्हा उचलून गोवालची नाव सोडतील. भिलाटीत लेकरं आहेत, भाऊ. त्यांना माझ्या कुंकवासाठी थांबवून ठेवायचं नाही.

माझा तुझ्यावर राग आहे, तो जाईल असं वाटत नाही. तरी तू आलास तर तुला जेवायला वाढेन. उखाण्याशिवाय मी त्यांचं नाव कधी घेतलं नाही. आज सहीत घेते.

कै. रूपचंद यांची पत्नी,
मीना