हत्तीचे दात आणि निळ्या दिव्याची डबी

प्रिय मेहुणेबुवांस,

आशीर्वाद किंवा नमस्कार, शोभेल ते उचलून घ्यावं. वयाने तुम्ही धाकटे, पण बायकोचे भाऊ, म्हणजे मानाने थोरले. इकडे सर्व क्षेम आहे. तुमचा खोकला बरा झाला का? (नाटकाच्या तालमीत ओरडू नका, असं मी दाताचा डॉक्टर असूनही सांगतो, घसा माझ्या हद्दीला लागूनच आहे.) तुमच्या ताईची तब्येत उत्तम, आवाजही उत्तम. सासूबाई अजून आमच्याकडेच आहेत आणि त्यांचा खालचा डावा दात अजून यायचा आहे, म्हणजे मी बसवायचा आहे. पत्राचं कारण तेच, किंवा जवळपास तेच.

तुम्हाला ठाऊकच आहे, दवाखान्यातलं एक्स-रे यंत्र जुनं आहे. ते फक्त त्या जुन्या कॉम्प्युटरशी बोलतं, आणि तेही त्यात जुनीच ऑपरेटिंग सिस्टीम असेल तर. नवी सिस्टीम घातली की यंत्र रुसतं. नवं यंत्र घ्यायचं म्हटलं की मी रुसतो. सगळ्या पेशंटांचे जबडे एका भल्यामोठ्या डिस्कवर साठवलेले, आणि ती डिस्क एका काळ्या डबीत बसून वायरीने कॉम्प्युटरला जोडलेली. डबीवर निळा दिवा लुकलुकायचा आणि आतून बारीक कुईं असा आवाज यायचा. हा आवाज माझ्या ड्रिलशी इतका मिळताजुळता, की पेशंट नुसते टेकले तरी खुर्चीचे हात गच्च आवळायचे. एक गृहस्थ तर तोंड न उघडताच पळाले. (पुढच्या चौकातल्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. तिथे म्हणे पाण्यात मासे सोडलेत आणि मंद संगीत असतं.)

मी ठरवलं, डबी उपटायची. ज्या हाताने आडव्या अक्कलदाढा काढल्या, त्या हाताला चार स्क्रू म्हणजे काय! रक्ताचा थेंब न सांडता डिस्क बाहेर काढली, कॉम्प्युटरच्या पोटात बसवली, वरून टाके घातले. कॉम्प्युटर शुद्धीवर आला आणि म्हणाला, ही डिस्क फॉरमॅट केलेली नाही, करू का? म्हणजे आहे नाही ते सगळं पुसू का. तुमच्या ताईचं बोट 'हो'वर गेलंच होतं. मी झडप घालून हात धरला म्हणून निभावलं. (तिला कुणी अदबीने काही विचारलं की ती पटकन हो म्हणते. मी मागणी घातली तेव्हाही अशीच म्हणाली होती.)

तेव्हापासून मी आंधळा दंतवैद्य आहे. जुने फोटो दिसत नाहीत, आणि त्या डिस्कशिवाय यंत्र नवा फोटो काढायलाही तयार नाही. 'कुठला दात?' असं पेशंटलाच विचारावं लागतं, आणि पेशंट तोंडात अख्खा हात घालून सांगतो, 'इकडचाच कुठला तरी.' सासूबाईंच्या हाडात स्क्रू बसवायचा, आणि हाडाची खोली त्या फोटोवर. अंदाजाने ड्रिल चालवू म्हणता? तुमच्या आई आहेत, तुम्हीच सांगा. काल चहा घेताना त्या शांतपणे म्हणाल्या, "जावईबापू, माझं तोंड हरवलंत म्हणे?"

शेवटी कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने वायर बदलली, धूळ फुंकली, 'डिस्क गेली' असं जाहीर केलं आणि जाता जाता स्वतःची दाढ दुखते म्हणाला. मी त्याला खुर्चीत बसवलं, भूल दिली, गालात कापूस भरला, आणि नेमका तेव्हाच त्याच्या डोक्यात उजेड पडला. "हेक्हर!" तो ओरडला. मला वाटलं दुखतंय, मी आणखी भूल दिली. "हेक्हर मोठे होते हो, डॉक्हर!"

कापूस काढल्यावर उलगडा झाला तो असा. डिस्कवर लहान लहान खण असतात, त्यांना सेक्टर म्हणतात. आमच्या जुन्या सिस्टीमला खण ठरावीक आकड्यापर्यंतच मोजता येतात, पुढे तिची बोटं संपतात. एवढी मोठी डिस्क तिच्या आवाक्याबाहेरची. म्हणून डबी मध्ये बसून थाप मारायची: आठ-आठ खण एकत्र बांधून 'हा एक मोठा खण' असं दाखवायची. आकडा आठपट घटला, सिस्टीम खूश! हत्तीचे खायचे दात वेगळे आणि दाखवायचे वेगळे म्हणतात, ते हेच. आता डबी गेली, डिस्क खरं बोलू लागली आणि खरं बोलल्याबरोबर संसार मोडला. जबडे सगळे जागच्या जागी आहेत. पण सिस्टीमला हवा असतो मोठा दहावा खण आणि तिच्या हाती येतो छोटा दहावा. कुणी दात उजवीकडून मोजून चिठ्ठी द्यावी आणि मी डावीकडून मोजून उपटावा, तसं. (हे केवळ उदाहरण आहे. त्या गृहस्थांचा तो दात तसाही हलतच होता.)

दुसरी डबी आणतो म्हटलं, तर तो म्हणाला, हल्लीच्या डब्या अशी थाप मारत नाहीत. नव्या सिस्टीमना मोठी डिस्कही झेपते आणि मोठे खणही, मग थाप मारायची कुणाला? तीच डबी हवी. तिच्यात डिस्क परत ठेवली की जबडे जसेच्या तसे हजर.

असो. पत्र लांबलं. तुमच्या नाटकातला बॉम्बचा प्रसंग फार रंगतो असं ऐकतो. लोभ आहेच, तो वाढवावा. गोड मात्र कमी खावं.

आपला,
भावोजी

ता.क. एक बारीकसं राहिलं. मी कॉम्प्युटरला टाके घालत होतो तेव्हा तुम्ही दवाखान्यात आला होतात, आणि "भावोजी, ही निळ्या दिव्याची डबी बॉम्ब म्हणून नेऊ का?" असं विचारलं होतंत. मी "न्या की!" म्हणालो. ती परत पाठवा. दिलेलं परत मागायला जीभ रेटेना, म्हणून वर हत्ती आणावा लागला.

ता.क. २. आत्ताच सासूबाईंनी सांगितलं की शेवटच्या अंकात नायक त्या बॉम्बवर उडी घेतो, आणि नायक तुम्ही आहात. शनिवारच्या प्रयोगाला उडी जरा बाजूला घ्या. प्रेक्षकांना कळणार नाही. त्यांचं आमच्या जुन्या सिस्टीमसारखंच असतं, दाखवाल ते खरं.

ता.क. ३. बाळ्या, मी ताई. ह्यांचं पत्र वाचलं. 'हो'वर बोट ह्यांचं गेलं होतं, हात मी धरला. मागणीसुद्धा मीच घातली होती. पटकन हो म्हणायची सवय ह्यांची. डबी आईच्या हाती दे. हे पत्र घेऊन तीच उद्या सकाळच्या गाडीने तुझ्याकडे निघते आहे. तिला चावता येत नाही, पण बोलता येतं.