तराफा सोडला म्हणजे

बाबा,

मागच्या पत्रात मी तुम्हाला एक चुकीची गोष्ट लिहिली होती, ती आधी दुरुस्त करते. विमा कंपनीला गेलेली ती इंग्रजी नोटीस तुमच्या कारकुनाने लिहिली असावी, असं मी म्हटलं होतं. तसं नाही. कोर्टाच्या फाइलमधला कागद मी काल खिडकीशी नेऊन पाहिला. अक्षर तुमचंच आहे. त्या महिन्यात तुम्हाला ताप येत होता असंही लिहिलं होतं. ताप नंतर आला. सिरोंच्याचा लाकूडवाला आपल्या ओसरीवर बसला होता त्या दिवशी तुम्ही ठणठणीत होता, दुसऱ्यांदा चहा मागितलात आणि तो मीच आणून दिला. तुमच्यासाठी सबबी शोधताना मी इतकी खाली गेले याची मला लाज वाटते.

त्याचं बोलणं मला अजून ऐकू येतं. मराठी त्याची तेलुगू वळणाची, शब्द मोजके. प्राणहितेतून आणलेले सागवानाचे लहान तराफे गोदावरीच्या संगमापाशी एकत्र बांधले, विमा उतरवलेला होता, आणि मग तो म्हणाला, "संगमापाशी तराफा सोडला साहेब, मंग पूर आला." तुम्ही मान हलवलीत आणि लिहायला घेतलंत. मी कप उचलून आत गेले. मला त्या वाक्यात खटकण्यासारखं काही वाटलं नाही, कारण मी चांद्यात वाढले आणि नदीकाठच्या माणसांचं बोलणं लहानपणापासून ऐकलं. तराफा सोडला म्हणजे तो मोठ्या पाण्याला लावला. माणसं वरच उभी असतात, हातात बांबू असतो. तुम्ही वर्ध्याकडचे. तुमच्या गावची नदी उन्हाळ्यात पायी ओलांडायची. तुम्ही इंग्रजीत लिहिलंत की माणसांनी तराफा संगमापाशी टाकून दिला. आता कंपनी म्हणते, पुरानं नेलं नाही, तुमच्याच माणसांनी टाकलं, आणि टाकलेल्या मालाचा विमा नसतो.

तुमच्या हातून हे व्हावं! खुनाचे खटले तुम्ही कधी घेतले नाहीत. करार, हुंड्या, पेढ्यांची भांडणं, विमा, यांतच जन्म काढलात. विलायत पाहिली नाहीत तरी सिरोंच्यापर्यंत लोक तुम्हाला बालिस्टर म्हणत. मला शाळेत घालण्याआधी कायदा तुम्ही स्वयंपाकघरात शिकवलात. आई चुलीपाशी, तुम्ही पाटावर. माझ्या हातून गरम चहाचा कप पडला. मी म्हणाले, "कप फुटला." तुम्ही म्हणालात, "फुटला की फोडलास? आपोआप काय होतं आणि माणूस काय करतो, हे क्रियापदाला विचार. अर्धी वकिली तिथंच आहे." मी रडायला लागले तेव्हा आई म्हणाली, "अहो, पोरीचा हात भाजला का ते तरी बघा." तुम्ही बघितलंत, फुंकर घातलीत, आणि मग ते वाक्य माझ्याकडून पुन्हा म्हणवून घेतलंत.

दावा लागण्याआधीच तुम्ही गेलात. मग तो एका वकिलाकडून दुसऱ्याकडे फिरला. मधल्या काळात राज्य बदललं, कोर्टाच्या दारावरची पाटी बदलली, दावा तिथंच. मला वकिलीची सनद मिळाल्यावर लाकूडवाला माझ्याकडे आला. तुमची मुलगी म्हणून आला, दुसरं कारण नाही. त्याचा जंगलाचा ठेका गेला आहे, बैल विकले आहेत, आता तो दुसऱ्याच्या डेपोत लाकडावर खुणा मारतो. हा दावा गेला तर घरही जाईल.

परवा सुनावणी झाली. कंपनीतर्फे नागपूरचे बॅरिस्टर आहेत, खरेखुरे. मी विचारलं, "स्टेशनमास्तर गाडी सोडतो, म्हणजे ती टाकून देतो का?" कोर्टात हशा पिकला, न्यायाधीशही हसले. बॅरिस्टर सगळ्यांचं हसू संपेपर्यंत थांबले. मग फार मायेने म्हणाले, "बाई, तुमच्या वडिलांशी मी उभी हयात भांडलो. एका शब्दात त्यांना कधी पकडता आलं नाही. आज तुम्ही म्हणता ते चुकले. तसं सांगणारं त्या वेळी तिथं कोण होतं?" तराफ्यावरच्या दोघांपैकी एक वारला, दुसरा गोदावरीपलीकडे कामाला गेला तो परतलाच नाही. उरला लाकूडवाला, पण तो तर स्वतः वादी. आणि ओसरीवर ते वाक्य ऐकलेली मी. मी वकील म्हणून उभी आहे, आणि वकिलाला आपण चालवत असलेल्या दाव्यात साक्ष देता येत नाही. मी पुढची तारीख मागितली.

बाहेर चिंचेखाली मी लाकूडवाल्याला आणि त्याच्या बायकोला सगळं सांगितलं: मला वकीलपत्र परत करून साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहावं लागेल, आणि वडील चुकले असं शपथेवर सांगावं लागेल. लाकूडवाल्याने हात जोडले. "नाई बाई. बालिस्टरसाहेब चुकले असं तुमच्या तोंडानं म्हणू नोका. आमच्या इकडं अजून त्याइचं नाव घेऊन लोक करार करतेत."

"नाव घेतेत लोकं, आन् लाकूड गेलं आपलं!" त्याची बायको म्हणाली. "काऊन जी, तुमचा बालिस्टर देव होता का?" मग माझ्याकडे वळून, "ह्या माणसानं तुमच्या बापाचा फोटो भिताडाले लावला, बाई. माह्या बापाचा नाई लावला." नवरा म्हणाला, "तुह्या बापानं फोटो काढला होता का कधी?" तिला हसू आलं, तसं तिनं पदरात तोंड लपवलं, आणि पदर काढला तेव्हा ती रडत होती. "मेल्या माणसाची लाज राखाची, आन् जित्या माणसानं कुठी जावं? तुमीच सांगा."

दोन दिवस अन्न गोड लागत नाही. पिंजऱ्यात बॅरिस्टर मला विचारतील, वडिलांना मराठी येत होती ना? मी हो म्हणेन. मग कळत नव्हतं का? बाररूममधले म्हणतील, बापाच्या नावावर फाइल मिळवली आणि बापालाच बुडवलं. यानंतर माझ्याकडे कोण येईल, कोण जाणे. आणि इतकं करून न्यायाधीश म्हणाले, मुलीची आठवण आहे, पुरावा कसला, तर? तुमचं नावही गेलं आणि लाकूडवाल्याचं घरही गेलं. रोज सकाळी वाटतं आज काहीतरी सुचेल. सुचत नाही.

हे पत्र मी पाठवणार नाही. पत्ता नाही म्हणून नव्हे. तुम्ही जिवंत असता तर हेच सगळं तुमच्यासमोर बोलण्याचं माझं धाडस झालं नसतं, आणि तुम्ही नाहीत याचा मला, एवढ्या एकाच कामापुरता, आधार वाटतो. आईला अजून काही सांगितलेलं नाही. रविवारी ती देवळातून आली की सांगेन. सोमवारी, कार्तिक वद्य द्वितीयेला, कोर्ट उघडेल, तेव्हा मी वकीलपत्र परत करून साक्षीदार म्हणून माझं नाव देईन.