वाइनला दिलेला वारा

प्रिय धाकट्या,

पाकीट फोडलेस, याबद्दल प्रथम आभार मानतो. एकतीस वर्षांनी आलेले थोरल्या भावाचे पत्र तू न वाचताच केराच्या टोपलीत टाकले असतेस, तरी मला बोलण्यास तोंड नव्हते. येथे सर्व क्षेम आहे. तुझ्या वहिनीचे गुडघे दुखतात, आवाज मात्र पूर्ववत आहे. मी निवृत्त झालो, तरी नवे पीप उघडले की चव पाहण्यासाठी मला कारखान्यात बोलावतात. कारभार आता जुन्या मालकांच्या कन्येकडे आहे.

लहानपणी तुझ्या खांद्यावरून उतरण्यास तयार नसणारी माझी मुलगी आता तेथील प्रयोगशाळेत काम करते. महिन्यापूर्वी जेवताना तिने विचारले, "बाबा, आपल्या बाटलीवर छापतात ना, पिण्यापूर्वी दोन तास सुरईत ओतून वारा द्यावा, ते कुणी तपासलंय का हो?" मी म्हणालो, "मी तपासले आहे." ती म्हणाली, "तुम्ही सांगितलंत, बाबा. तपासलं कुणी?" तुझी वहिनी तोंडाला पदर लावून हसली. मला राग आला. ती ओळ माझ्या शब्दावर छापली गेली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यापायी काय घडले, हे मात्र घरात कोणी बोलत नाही. "दादा, वारा देऊन वाइनचं काही होत नाही, आपला वेळ तेवढा जातो," असे तू जुन्या मालकांसमोर म्हणालास. मी दोन पेले चाखून वारा दिलेला अचूक उचलला आणि म्हणालो की, याची जीभ लाकडाची आहे. तुला चवीच्या खोलीतून उठवून बाटल्या धुण्यास बसविले. आठवड्याने तू निघून गेलास.

मुलीने परीक्षा मांडली. एकाच पिपातील वाइन. अर्धी दोन तास सुरईत, अर्धी बूच काढून तत्क्षणी ओतलेली. प्रत्येक फेरीत तीन पेले, दोन सारखे, एक वेगळा. वेगळा ओळखावयाचा. ओतणारी आत, पेले आणणारी दुसरीच, दार बंद. मी कोट घालून गेलो होतो. सहाही फेऱ्यांत मी क्षणभर अडखळलो नाही. मुलीने कागद पाहिला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "दोन बरोबर." डोळे मिटून बोट ठेवले असते, तरी सरासरीने दोनच आले असते, असे तिने समजावले. माझे चौथीपर्यंतचे गणित तेथवर पोहोचत नाही, परंतु तिचा चेहरा मला वाचता आला. त्यानंतर ती स्वतः बसली. तिला तीन आले. खोकी उतरविण्यास आलेल्या ड्रायव्हरला गंमत म्हणून बसविले, तर त्याने चार ओळखले! "मला कुठलं कळतंय, साहेब? मी आपला मधला उचलत गेलो," असे म्हणून तो निघूनही गेला.

तेव्हापासून माझे डोके ठिकाणावर नाही. वाऱ्याने काहीच होत नसेल, तर जन्मभर मी काय चाखले? होत असेल, तर माझी जीभ म्हातारी झाली. मग पूर्वी तरी ती बरोबर होती, असे म्हणता येईल. मुलगी म्हणते, सहा फेऱ्यांवरून यांपैकी काहीच ठरत नाही. घरी तुझ्या वहिनीला ओतावयास लावून पाहिले. सुरईतला कोणता, हे तिने आधी सांगितले की चव गोल लागते, मोकळी लागते, मी शपथेवर सांगतो. तिने लपविले की दोन्ही सारखे. "तुम्ही जिभेनं पिता की कानांनी?" असे ती म्हणाली. माहीत नसताना घेतलेला घोट माझ्या उभ्या आयुष्यात मुलीच्या परीक्षेतला पहिलाच होता.

पहिलाच, हा शब्द लिहिल्यावर पुढील मजकूर लिहिणे भाग आहे. त्या दिवशी चवीच्या खोलीचे दार पुरते लागलेले नव्हते. तू पेले भरत असताना मी फटीतून पाहिले. सुरईतील वाइन तू डाव्या पेल्यात ओतलीस. मी आत आलो, दोन्ही चाखले, डावा उचलला. फरक मला खरोखरच लागला होता. परंतु तो जिभेने सांगितला की डोळ्यांनी, हे मला आज सांगता येत नाही, आणि त्या दिवशी मी स्वतःला विचारलेही नाही. काल मालकीणबाईंना हे सर्व उभे राहून सांगितले. ती ओळ आता छापली जाणार नाही. तुझ्या जिभेविषयी काढलेला शब्द मी मागे घेतो. बाटल्या धुतलेले ते आठ दिवस परत घेता येत नाहीत. एक गोष्ट मात्र मला उलगडत नाही, आणि तिच्यासाठीच हे पत्र लिहिले आहे. ओतताना तुझे तोंड दाराकडे होते. मी तुला दिसलो होतो का? दिसलो असेन, तर सर्वांसमोर तू गप्प का राहिलास, धाकट्या?

तुझाच,
थोरला