पुढच्या चाकांची कुलपं

माय,

आपल्या दूध संस्थेच्या जीपला काल पुढच्या चाकांचे नवे हब बसवले, तू ज्यांना कुलपं म्हणायचीस ते. दोन्ही बाजूंचे. तू असतीस तर आधी विचारलं असतंस, जुन्यांना काय झालं. तेच सांगायला बसले आहे.

यंदाही पाऊस नाही. नदीचं पात्र या काठापासून त्या काठापर्यंत नुसती वाळू आहे. ड्रायव्हर टिकेना म्हणून मीच गाडी शिकले, आणि आता पलीकडच्या वस्तीचं दूध मीच आणते. मागच्या आठवड्यात भरलेले कॅन घेऊन येताना पात्राच्या मधोमध पुढून कडकन आवाज आला आणि पुढच्या चाकांची ओढच गेली. मागची चाकं जागेवर वाळू उकरत खाली चालली. वस्तीवरच्या बायका धावत आल्या, चाकांखाली तुराट्या टाकल्या, पदर खोचून ढकललं. गाडी काठाला लागली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. शीतकरण केंद्रावर झाकणं उघडली तर सगळं दूध नासलेलं. दुसऱ्या दिवशी त्यांच्यातली एक म्हातारी मला म्हणाली, "बाई, आता आमचं दूध बंद करता का काय? चारा छावणीतून जनावर वाचवलंय ते ह्याच्याच आशेवर."

मिस्त्रीनं डावा हब खोलला. आतल्या कड्याचे दाते तुटून बारीक चुरा झाला होता. तो म्हणाला, "हे लॉकचं लफडंच काढून टाकू. चाकं कायमची जोडून देतो, फिरवायची भानगड न्हाई." संध्याकाळी संस्थेच्या बैठकीत आणखी सल्ले आले. आपोआप लागणारे हब घ्या, गाडीतून उतरायलाच नको, असं एकीचं म्हणणं. अध्यक्षबाई मात्र वेगळंच बोलल्या: "पलीकडची वस्ती सोडून देऊ. पुलावरून लांबच्या फेऱ्यानं जायचं तर दूध तसंही नासतं. एका वस्तीपायी गाडी मोडायची का?" त्या वाईट नाहीत, माय. त्यांना बाकीच्या गावांचंही बघायचं असतं. पण त्या वस्तीवरच्या बायकांना सभासद करायला तू किती भांडली होतीस, हे मला माहीत आहे. मी उभी राहिले आणि म्हणाले, "वस्ती सुटणार न्हाई. हब मी आणते, आधीसारखेच, हातानं फिरवायचे."

बोलताना डोळ्यांसमोर तूच होतीस. तेव्हाही असाच दुष्काळ आहे, मी शाळेत आहे, सुट्टी म्हणून तुझ्यासोबत मागे कॅनांना धरून बसले आहे. ड्रायव्हरकाकांचे गुडघे दुखतात, म्हणून काठाला गाडी थांबली की संस्थेची सेक्रेटरी असून तूच उतरतेस. पदर खोचून चाकापुढे बसतेस, मधली गोल मूठ फिरवून चाक इंजिनाला जोडतेस, मग पलीकडच्या चाकाकडे जातेस. नदी ओलांडली की परत उतरून ती सोडवतेस. एकदा मी कंटाळून म्हणाले, "राहू दे की तसंच, उद्या परत लावायचंच हाय." तू वळून म्हणालीस, "कावून राहू दे? पक्क्या रस्त्याला पुढच्या चाकांनी कावून वढायचं? फुकट झिजायला? गाडी लोकांची हाय." मग मला खाली उतरवलंस आणि माझा हात मुठीवर ठेवून फिरवायला लावलंस. धातू उन्हानं तापला होता. आत काहीतरी खट्ट बसलं ते मला मनगटापर्यंत कळलं.

म्हणून मिस्त्रीचा सल्ला मी मानला नाही. तुटलेला हब पेपरात गुंडाळून बीडला गेले. दुकानदार म्हणाला, "ताई, ड्रायव्हरला पाठवा, त्याला कळंल."

"मीच ड्रायव्हर हाय."

"मग बसा," तो म्हणाला, आणि खुर्ची सरकवली. माणूस बरा होता. त्यानं आधी आपोआप लागणारे दाखवले. मी विचारलं, वाळूत रुतल्यावर गाडी मागंपुढं झुलवतो, तेव्हा हे धरून राहतात का? तो म्हणाला, "खरं सांगू का, दिशा बदलली की सुटतात, मग परत धरतात." आम्ही तर झुलवूनच बाहेर निघतो. ते बाजूला ठेवले. दुसरे हातानं फिरवायचे होते, चकचकीत आणि हलके, पण मूठ प्लास्टिकची, आणि आतले दाते जुन्याशी जुळवून पाहिले तर बसेनात. तिसरे जड होते, दिसायला ओबडधोबड. मूठ धातूची, दाते बरोबर बसले. निसरड्या हातानं फिरते का बघायला मी तळहाताला ग्रीस लावून मूठ फिरवून पाहिली. घट्ट होती, पण पक्कड न लावता फिरली.

"डावाच मोडलाय, डावाच न्या," तो म्हणाला.

"एका बाजूनं सुटलं की दुसरी बाजूबी वढत न्हाई. उजवाबी तेवढाच जुना हाय. जोडी द्या."

काल मिस्त्रीनं कुरकुरत जोडी बसवली. आज सकाळी काठाला थांबले, उतरले, दोन्ही बाजू लॉक केल्या आणि गाडी वाळूत घातली. मधोमध जरा बसली. मागं घेतली, पुढं घेतली, आणि पुढच्या चाकांनी वाळू धरून गाडी वर ओढून काढली. पलीकडे बायका कॅन घेऊन रांगेत उभ्याच होत्या. म्हातारीनं आधी गाडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "आलीस व्हय," एवढंच म्हणाली. दूध वेळेवर केंद्रावर पोचलं, चांगलं निघालं. अध्यक्षबाईंनी विषयच काढला नाही. उद्याच्या फेरीला कोणते कॅन न्यायचे, तेवढं सांगितलं.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, हे मला कळतं. पण एक गोष्ट दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही म्हणून लिहिते. बैठकीत मी एवढं ठणकावून बोलले, सगळ्यांना वाटलं हिला सगळं ठाऊक आहे. मला काहीच ठाऊक नव्हतं, माय. दुकानात दाते जुळले तेव्हाही खात्री नव्हती. आज गाडी मधोमध बसली, तेव्हा मी आधी पलीकडच्या काठाकडं पाहिलं, ढकलायला बायका येताहेत का म्हणून.